रविवारच्या फोनसाठी इंग्रजी

२ ऑगस्ट

चि. चिऊस,

अनेक आशीर्वाद.

मी इकडे बरी आहे. तूही तिकडे बरी असशील असं धरून चालते, कारण फोनवर विचारलं तर तू "बरी आहे" एवढंच म्हणतेस. आपलं फोनवरचं बोलणं हल्ली ठरल्यासारखं झालंय. मी विचारते, जेवलीस का? तू म्हणतेस, जेवले, तुम्ही जेवलात? मी म्हणते, हो. मग आपण दोघी "बरं, ठेवते" कोण आधी म्हणतंय याची वाट बघत बसतो. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. फोनवर गप्प राहिलं की ते ऐकू येतं. पत्रात तेवढी तरी सोय असते.

इकडची खबर अशी की गुडघा कुरकुरतोय, पण मशीनचं पेडल मारायला तो नाही म्हणत नाही. कारखान्यात एका हॉटेलच्या पडद्यांचं काम आलंय. कापड इतकं जाड, की दोन घड्यांवर टीप मारताना सुई मोडते आणि चेहऱ्याकडे उडते. मालकांनी मला चष्मा लावून बसायला सांगितलंय. डोळ्यांसाठी नाही, सुयांसाठी! दिवसभर त्या जांभळ्या कापडाच्या ढिगात बसलेली असते, त्यामुळे डोळे मिटले तरी जांभळंच दिसतं.

आता मुख्य बातमी. हसू नकोस. मी इंग्रजीच्या वर्गाला जायला लागले आहे.

आपल्या चौकातल्या वाचनालयाच्या माडीवर, आठवड्यातून दोन संध्याकाळी हा वर्ग असतो. टीचर तुझ्याहूनही लहान आहे. सदान्‌कदा सर्दीने बेजार, गळ्याला मफलर आणि टेबलावर गरम पाण्याची बाटली. ती 'द' नाकातून म्हणते, तर आम्ही सगळेही 'द' नाकातूनच म्हणायला शिकलोय. परवा ती बरी होऊन आली आणि नीट 'द' म्हणाली, तर आम्हाला वाटलं आज हिचं काहीतरी चुकतंय.

वर्गात एक टॅक्सीवाले आहेत. अंगाने आडवे, आवाज खणखणीत, लाज म्हणून नाही. चुकीचं इंग्रजी इतक्या रुबाबात बोलतात, की आपलंच बरोबर असलेलं चूक वाटायला लागतं. ते म्हणाले, "यस्टर्डे आय डिडन्ट वेन्ट." टीचर म्हणाली, "काका, डिडने भूतकाळाचं ओझं उचललंय ना? मग पुढच्या शब्दाने रिकाम्या हाताने चालायचं. डिडन्ट गो. एकच ओझं दोघांनी कशाला वाहायचं?" मला हे इतकं पटलं, की बसमध्येसुद्धा मी डिडन्ट गो, डिडन्ट ईट, डिडन्ट स्लीप असं पुटपुटत होते. शेजारची बाई सरकून बसली.

दुसरी एक खूण सांगते, तुला ठाऊक असेलच. जे आपलं असतं, त्याला आयएनजी लावायचं नाही. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स म्हणायचं नाही, आय हॅव टू ब्रदर्स म्हणायचं. टीचरने एकेकाला उभं करून आपापल्या घरच्यांबद्दल असं वाक्य करायला सांगितलं. टॅक्सीवाल्यांना एक बायको, दोन मुली आणि तीन मेहुणे निघाले. माझी पाळी आली. मी म्हटलं, "आय हॅव वन..." आणि पुढे काही सुचेना. मग म्हणून टाकलं, "आय हॅव वन शिलाई मशीन." सगळे हसले. टीचरही हसली. मीही हसले.

या वयात वर्ग कशाला, असं विचारशील. कारखान्याच्या पुढच्या दुकानात हल्ली बाहेरची गिऱ्हाइकं येतात. ती बोलतात आणि मी मान हलवते. बरं दिसत नाही ते.

लॅबमध्ये उभं राहून काम असतं, पायांना जप. सुट्टीत इकडे येणं जमलं नाही तरी चालेल, मनाला लावून घेऊ नकोस.

— आई


१९ सप्टेंबर

चि. चिऊस,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून किती दिवस झाले होते! चार ओळींचं लिहिलंस, पण त्यातली एक ओळ नेमकी लागली. "आई, गिऱ्हाइकांचं सोडा, खरं कारण सांगा." तू रक्त तपासतेस ते ठीक आहे, सासूलासुद्धा तपासायला लागलीस!

बरं, सांगते.

तो तिकडे परदेशात ज्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहायचा, त्या घरमालकीण मला फोन करतात. दर रविवारी, दुपारच्या चहाच्या वेळी. तू म्हणशील हे मला आधी का नाही सांगितलं. त्याचा विषय निघाला की तू काहीतरी काम आठवून उठतेस, आणि मी तुला उठू देते. कारण मलाही उठायचं असतं. आपण दोघी त्याचं नावसुद्धा घेत नाही. बघ ना, पत्रातही "तो" लिहिलंय मी.

तर या आजीबाई. मी त्यांना मनात म्हातारीच म्हणते, जरी त्या माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्या भराभर बोलतात, मध्येच थांबतात, मग पुन्हा बोलतात. मला त्यातलं काही कळायचं नाही. मी आपली यस, यस, थँक्यू, गुड असं म्हणत राहायची. एका रविवारी त्या बराच वेळ बोलल्या आणि मी नेहमीसारखं "व्हेरी गुड" म्हटलं. पलीकडून मला हुंदका ऐकू आला. चिऊ, त्या रडत होत्या आणि मी त्यांना व्हेरी गुड म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी जाऊन वर्गात नाव घातलं.

आता हळूहळू कान उघडतोय. टीचरने फॉर आणि सिन्स शिकवलं. ती फळ्यावर रेघा काढून समजावत होती. मी मनात म्हटलं, हे तर आमच्या धंद्यातलंच. फॉर म्हणजे कापड किती लांब, आणि सिन्स म्हणजे टेपचं टोक कुठे धरलं. फॉर सिक्स मंथ्स. सिन्स मार्च. टीचरला सांगितलं, तर तिने तेच उदाहरण सगळ्यांना दिलं. मी दिवसभर तोऱ्यात होते.

आणि त्याच रविवारी म्हातारी म्हणाली, "आय हॅव बीन अलोन सिन्स मार्च." पहिल्यांदाच तिचं एक अख्खं वाक्य मला कळलं. मार्चपासून एकटी आहे. तिचा नवरा जाऊन कैक वर्षं झालीत, हे मला ठाऊक आहे, त्यानेच सांगितलं होतं. मुलंबाळं नाहीत. तरी ती मार्चपासून एकटी. म्हणजे तो वर राहत होता तोवर ती स्वतःला एकटी समजत नव्हती. फोन ठेवल्यावर मी चहा गाळायचा सोडून तशीच उभी राहिले. इतके महिने मला वाटायचं, त्या मार्चमध्ये जे गेलं ते फक्त माझं आणि तुझं.

ती त्याला सनी म्हणते. तो फोनवर माझ्याशी बोलायचा तेव्हा मी "सोन्या, सोन्या" करायची, ते तिने जिन्यात ऐकलं आणि तिला वाटलं सनीच. टीचर म्हणाली, तिकडे म्हातारी माणसं लहान मुलाला लाडाने सनी म्हणतातच, म्हणजे बाळ. बघ, ऐकायला चुकली आणि नेमकी बरोबर ठरली.

यूज्ड टूसुद्धा शिकले. पूर्वी सवय होती, आता नाही, त्यासाठी असतं ते. "सनी यूज्ड टू वॉश द कप्स अँड सिंग." आपल्याकडे कधी त्याने कप विसळला होता का गं? इथे चहा पिऊन कप खिडकीत ठेवून जायचा. तिकडे गाणं म्हणत भांडी घासायचा म्हणे! मला आधी राग आला आणि मग हसू आलं आणि मग जे व्हायचं ते झालं.

दुकानातली एक गंमत सांगून थांबते. एक बाई नवे पडदे परत घेऊन आल्या आणि इंग्रजीत ओरडायला लागल्या, "टू लाइट! टू लाइट!" मालकांना वाटलं, रंग फिका झाला म्हणतायत. ते रंगांचा नमुना काढून वाद घालू लागले, की तुम्हीच निवडलाय. बाईंचा आवाज आणखी चढला. टीचर नेहमी सांगते, समोरचा बोलत असताना तुम्ही मनात आपलं उत्तर जुळवत असता, म्हणून त्याचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचतच नाही. मी मशीन थांबवलं आणि नुसती ऐकत राहिले. त्यात "आइज" आलं, "हजबंड" आलं. नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना उजेड सोसत नव्हता. पडद्यातून उजेड येत होता, एवढंच. मी म्हटलं, "आय पुट अस्तर. डार्क." आणि काळं अस्तर लावून दाखवलं. बाई खुर्चीत बसल्या, आणि त्यांचा आवाज इतका खाली आला की वाटलं, ही कोणी दुसरीच बाई. माणूस ओरडतं एका गोष्टीवरून आणि दुखत असतं त्याला भलतीकडेच.

मला म्हातारीला एक विचारायचंय. त्या शेवटच्या संध्याकाळबद्दल. वाक्य अजून जुळत नाही, पण जुळवीन.

— आई


१० ऑक्टोबर

चि. चिऊस,

आशीर्वाद.

परवा तू फोन केलास, "आई, तिला त्या संध्याकाळचं काही विचारू नका," एवढं म्हणालीस आणि ठेवून दिलास. पुन्हा लावला तर उचलला नाहीस. म्हणून लिहायला बसले. हे पत्र अर्धं वाचून बाजूला ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच. मी तुझ्याजवळ बसून बोलतेय असं समज.

तुला वाटतंय मला काही ठाऊक नाही. थोडं ठाऊक आहे. पहिल्यापासून आहे.

अपघातानंतर म्हातारीचा अगदी पहिला फोन आला होता. तू तेव्हा आतल्या खोलीत पडून होतीस. त्या फोनमधले तीन-चार शब्द मला तेव्हाही कळले, कारण ते कुणालाही कळतात. अँग्री. वाइफ. दॅट ईव्हनिंग. त्या संध्याकाळी तो रागावलेला होता आणि ते तुझ्यावरून होतं, एवढं मी त्यातून काढलं. आत येऊन तुझ्या अंगावर पांघरूण घातलं आणि कुणाला काही बोलले नाही. तुलाही नाही. म्हटलं, हिला ठाऊक असेल तर हिला तेच पुरे झालंय, आणि ठाऊक नसेल तर माझ्या तोंडून कशाला?

तू सुट्टीतही येईनाशी झालीस, माझ्या डोळ्याला डोळा देईनाशी झालीस, तेव्हा समजले की तुला ठाऊक आहे. तुमचं फोनवर भांडण झालं होतं. आणि सकाळी तो सायकलवरून कामाला निघाला आणि त्या वळणावर ती गाडी आली. तू ती दोन टोकं एकमेकांना जोडून ठेवलीयस आणि त्यात स्वतःला शिवून घेतलंयस.

अगं वेडे, तुझे सासरे आणि मी तीस वर्षं भांडलो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून भांडलो. त्यातलं एकही भांडण आम्ही शेवटचं म्हणून भांडलो नव्हतो. कुणीच तसं भांडत नाही. उद्या बोलू, असं मनात धरूनच माणूस रागावतं. मी तुला कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. हे तोंडाने सांगायला हवं होतं, पण ते सांगायचं तर त्या संध्याकाळचं नाव काढावं लागलं असतं, आणि आपण दोघींनी ते दार लावून घेतलं होतं.

पण आता एक नवीनच किडा डोक्यात शिरलाय.

मंगळवारी टीचरने बारके शब्द शिकवले. विथ, फॉर, ॲट, अबाउट. टॅक्सीवाले म्हणाले होते, "आय वॉज वेटिंग पॅसेंजर." टीचर म्हणाली, "वेटिंग फॉर पॅसेंजर. काका, तुम्ही बारके शब्द गिळता. मोठे शब्द सगळ्यांनाच ऐकू येतात. कोण कुणाकडे तोंड करून उभं आहे, ते बारके शब्द सांगतात." टॅक्सीवाले म्हणाले, "पॅसेंजर आला की झालं, बारका शब्द काय भाडं देतो?" वर्ग खो खो हसला. मी मात्र वहीवर पेन धरून तशीच बसले होते.

अँग्री आणि वाइफ यांच्या मधे म्हातारीने काहीतरी एक म्हटलं होतं, चिऊ. एक बारकासा शब्द होता. मला तो तेव्हा ऐकूच आला नाही. मी दोन मोठे शब्द उचलले आणि त्यांच्यामधली जागा माझी मीच भरली. आणि तसंच घेऊन बसले, मार्चपासून.

कदाचित काही वेगळं निघणार नाही. मला वाटलं तेच निघेल, तर निघो. तेही आपण दोघी मिळून उचलू. पण अर्धवट ऐकलेलं घेऊन मला यापुढे जगायचं नाही, आणि तुलाही जगू द्यायचं नाही. तू नको म्हणालीस, तरी मी या रविवारी विचारणार आहे. रागावायचं असेल तर खुशाल रागाव.

जेवत जा. कॅन्टीनचं नको, घरी काहीतरी गरम कर.

— आई


२१ ऑक्टोबर

चि. चिऊस,

खूप खूप आशीर्वाद.

विचारलं. सगळं सांगते, क्रमाने सांगते, कारण एकदम सांगायला गेले तर माझंच मला लिहिता यायचं नाही.

सकाळपासून हात कामात नव्हता. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. फोन आला. म्हातारीने नेहमीसारखं हवा-पाणी विचारलं. मी म्हटलं, "प्लीज. वन क्वेश्चन. दॅट ईव्हनिंग. वॉज ही अँग्री विथ हिज वाइफ?"

ती एकदम म्हणाली, "विथ हर? ओह नो. नो, नो. नॉट विथ हर. फॉर हर."

मी म्हटलं, "अगेन प्लीज." तिने पुन्हा म्हटलं. "स्लो प्लीज." तिने एकेक शब्द सुटा करून म्हटलं, लहान पोराला सांगावं तसं. ही. वॉज. अँग्री. फॉर. हर.

मग ती सावकाश सांगत गेली आणि मी मध्ये मध्ये अडवत गेले. जे समजलं ते असं. त्या संध्याकाळी तो खाली तिच्या स्वयंपाकघरात आला आणि कपाटाची दारं आपटायला लागला. तिने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, माझ्या बायकोला तिच्या कामावर सगळ्यांसमोर बोलले. कुणीतरी बाटलीवर चुकीचं नाव चिकटवलं आणि आळ हिच्यावर आला. तिने केलेलंच नाही ते. आणि मी इथे बसलोय, इतक्या लांब, मला काही करता येत नाही. मग म्हणाला, आणि वरून मीच तिच्यावर ओरडलो. सोड ती नोकरी आणि ये इकडे, असं ओरडलो. तिला ती नोकरी किती आवडते, मला ठाऊक आहे. तिला फक्त कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं.

चिऊ, लॅबमध्ये असं काही झालं होतं, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस. ते मला सातासमुद्रापलीकडून कळावं?

पुढे ऐक. तो तुला लगेच परत फोन करायला निघाला होता. "ही वॉज गोइंग टू कॉल हर." वॉज गोइंग टू मला अजून शिकवलेलं नव्हतं, पण त्या क्षणी कुणी शिकवायची गरज पडली नाही. करणार होता. मनात होतं, ठरलं होतं, फोन हातात होता.

आणि मग ती म्हणाली, "आय टोल्ड हिम टु वेट." तिनेच त्याला सांगितलं होतं. तुझ्याकडे तेव्हा झोपायची वेळ होऊन गेली असेल, मुलगी रडून दमून झोपली असेल, तिला झोपू दे, उद्या कर. त्याला चहा करून दिला. तो म्हणाला, बरं, उद्या जेवणाच्या सुट्टीत करतो आणि आधी सॉरी म्हणतो. कप विसळून वर गेला.

दर रविवारी ती मला हे सांगत होती, चिऊ. सुरुवातीपासून हेच सांगत होती. मी थांबवलं नसतं तर त्याचं बायकोशी बोलणं झालं असतं, मला क्षमा करा, असं ती एका परक्या भाषेतल्या बाईला आठवड्यामागून आठवडे सांगत होती, आणि ती बाई तिला यस, थँक्यू, व्हेरी गुड म्हणत होती.

मला तिला सांगायचं होतं, की तुमचा काही दोष नाही. तुम्ही त्याला चहा दिलात, त्याचं ऐकून घेतलंत. त्याला राग आला तेव्हा दारं आपटायला एक घर होतं, ते तुमचं. एवढं सगळं इंग्रजीत कुठून आणू? मी म्हटलं, "यू वेअर हिज हाउस." वर्गात सांगितलं तेव्हा टीचर म्हणाली, होम म्हणायला हवं होतं, हाउस म्हणजे नुसत्या भिंती. असेल. पण म्हातारीला कळलं. ती रडली आणि मीही रडले. या खेपेला कुणी कुणाला व्हेरी गुड म्हणालं नाही.

तरी माझी खात्री पटेना. तुला लिहायचं तर पक्कं करून लिहावं, म्हणून टीचरला वर्ग सुटल्यावर गाठलं. अँग्री विथ म्हणजे काय आणि अँग्री फॉर म्हणजे काय? ती मफलर सोडत म्हणाली, "विथ म्हणजे तिच्यावर राग. फॉर म्हणजे तिच्या बाजूने राग. तिला कुणी दुखवलं म्हणून आलेला." मग माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, वाक्य कुठलं आहे?" मी तिला सांगितलं. माझा सोन्या, तुझी लॅब, म्हातारी, सगळंच. टॅक्सीवाले जिन्यात थांबले होते. त्यांनी मला टॅक्सीने घरी सोडलं आणि दारात म्हणाले, "पोरीला लवकर कळवा."

तर कळवते आहे. तो तुझ्यावर रागावून नव्हता गेला गं. तुझ्या बाजूने रागावलेला होता. तुझ्यावर ओरडला, हे खरं. ते त्याला लगेच उमगलंही होतं. आमच्या सोन्याला राग यायचा तो असाच, आधी भलत्याच माणसावर निघायचा आणि मग तोच येऊन मागेपुढे करायचा. तुझ्या मागेपुढे करायला त्याला वेळ मिळाला नाही, एवढंच झालं. तुला त्याचं काही देणं राहिलं असेल, तर तो राग नव्हे. ते सॉरी. ते मी आज तुला पोचवते आहे.

हे वाचून तुला मोकळं वाटेल, की आणखी रडू येईल, मला सांगता येत नाही. मला दोन्ही झालं. रडायचं तर पोटभर रड, पण या वेळी एकटीने खोलीत कोंडून घेऊन नको. इकडे ये, नाहीतर मी येते. आणि ती नोकरी सोडू नकोस. बोलणारे बोलोत. तुझ्या बाजूने रागावणारं माणूस अजून एक इथे बसलंय, आणि मला राग आला की मालकसुद्धा कारखान्याच्या मागच्या दाराने जातात.

अजून एक राहिलं. म्हातारीला तुझ्याशी बोलायचंय. तुझं इंग्रजी माझ्यासारखं ठिगळांचं नाही, तू तिला नीट विचार. तो काय खायचा, कोणतं गाणं म्हणायचा, तुझ्याबद्दल काय काय सांगायचा, सगळं तिच्या तोंडून ऐक. नंबर मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय. पुढच्या रविवारी ती तुझ्या फोनची वाट बघणार आहे, कारण मी तिला सांगूनही टाकलंय, "माय डॉटर विल कॉल यू."

टीचर म्हणाली, "मावशी, सुनेला डॉटर-इन-लॉ म्हणतात, कायद्याने झालेली मुलगी." मी म्हटलं, व्याकरण तुझं बरोबर आहे बाई, पण माझं वाक्य मी बदलणार नाही.

तुझी,
आई